चोराने आईचाच कान का चावावा?

लहानपणी आपल्यापैकी बहुतेकांनी एक गोष्ट ऐकलेली असते. चोराला फाशी देण्यासाठी नेत असतात. त्याला शेवटची इच्छा विचारली जाते. आईच्या कानात काही सांगावयाचे आहे, असे तो म्हणतो. म्हातारी रडत रडत कान जवळ नेते आणि तो तिचा कान कडकडून चावतो. जमलेले लोक त्याची निर्भर्त्सना करतात, तेव्हा तो उत्तर देतो की, शाळेतून सोबत्याची पाटी मी पहिल्यांदा चोरून आणली त्या दिवशी हिने मला शिक्षा केली असती, तर आज माझ्यावर ही वेळ आली नसती.

गोष्ट इसापाची, परंतु आपल्या घराघरांत ती इतकी रुजली आहे की परकी वाटतच नाही. तिच्या पोटात तीन गृहीते दडलेली आहेत. माणूस बिघडतो तो घरात, हे पहिले. घर म्हणजे आई, हे दुसरे. आणि वेळीच दिलेले चार फटके हा त्यावरचा उतारा, हे तिसरे. चोराचा बाप या गोष्टीत कोठेच नाही. चोरीचा माल विकत घेणारा दुकानदार नाही, पाटी हरवल्याचे ज्यांच्या कानावर गेले असेल ते गुरुजी नाहीत. आणि फाशी पाहावयास जमलेल्या त्या गर्दीने या मुलासाठी आजवर काय केले होते, हा प्रश्न तर कोणाला सुचतही नाही. गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत या विषयाचा जो अभ्यास झाला आहे, त्याच्या उजेडात पाहिले तर पहिले गृहीत अर्धे खरे, दुसरे अन्यायाचे आणि तिसरे बव्हंशी खोटे ठरते. तरीही आपला व्यवहार अजून त्या तिन्हींवर चालतो आणि त्याची किंमत काही मुलांना आयुष्यभर मोजावी लागते. म्हणूनच या गोष्टीची उलटतपासणी करणे अगत्याचे आहे.

जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा माणसांचे खून झाले. जोशी-अभ्यंकर हत्याकांड या नावाने ते प्रकरण आजही लोकांच्या स्मरणात आहे. गुन्हेगार निघाले ते कलेचे शिक्षण घेणारे तरुण विद्यार्थी. त्यांपैकी चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्या काळात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता: ही मुले कोणाच्या घरची? यांच्यावर काही संस्कार झाले की नाही? प्रश्न स्वाभाविक होता. पण ज्या प्रश्नापासून विचाराला प्रारंभ व्हावयाचा, तेथेच तो संपला. 'संस्कार' हा शब्द आपण पूर्णविरामासारखा वापरतो. तो उच्चारला की कारण सापडले असे वाटते आणि मन शांत होते. वास्तविक, एखाद्या विशिष्ट माणसाच्या क्रौर्याचे मूळ त्याच्या घरात नेमके कोठे होते, हे बाहेरून कोणालाही सांगता येत नाही आणि सांगूही नये. मात्र शेकडो मुलांचा तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे माग ठेवला, तर काही सर्वसामान्य उत्तरे हाती लागतात. तशी ती लागलेली आहेत.

स्वभाव वेगळा, गुन्हा वेगळा

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. हर्व्ही क्लेक्ली या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९४१ मध्ये 'द मास्क ऑफ सॅनिटी' हा ग्रंथ लिहून एका विशिष्ट प्रकारच्या माणसाचे चित्र रेखाटले. हा माणूस वेडा नसतो. बोलण्यात तो लाघवी असतो, बुद्धीने बरा असतो. परंतु खोटे बोलताना त्याची पापणी लवत नाही, दुसऱ्याच्या दुःखाने तो हलत नाही, केल्या कर्माची त्याला खंत वाटत नाही आणि अनुभवाने तो शहाणा होत नाही. पुढे १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 'समाजविरोधी व्यक्तिमत्त्वा'चे निकष निश्चित केले. वय किमान अठरा असावे आणि वर्तनातील गंभीर बिघाड पंधराव्या वर्षाच्या आधीच दिसलेला असावा, अशा दोन अटी त्यांत होत्या. क्लेक्लीचा भर मनावर होता; या निकषांचा भर कृत्यांवर होता. आणि नुसत्या कृत्यांवरून माणसाची पारख करू लागलो की एक मोठा धोका उभा राहतो.

तो धोका महाराष्ट्राला चांगला ठाऊक असावयास हवा. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये जो कायदा केला, त्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. सोलापूरच्या वसाहतीत माणसे तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. पण कपाळावरचा शिक्का पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या समाजाला पोट भरण्याची दुसरी वाटच ठेवलेली नाही, तो आपल्या मुलांना खिसे कापण्याचे शिक्षण कसे देतो आणि पोलिसांचा मार सहन व्हावा म्हणून घरचीच माणसे त्यांना मारून कसे तयार करतात, हे त्या पुस्तकाने पांढरपेशा वाचकाला प्रथमच इतक्या जवळून दाखविले. त्या मुलांना चोरी शिकविली गेली, हे खरे. पण त्यांना माया ठाऊक होती, निष्ठा ठाऊक होती, आपल्या माणसांसाठी जीव टाकणे ठाऊक होते. क्लेक्लीचा माणूस याच्या अगदी उलट: कायदा एक वेळ तो पाळील, पण माया त्याला ठाऊक नसते. ज्या १९५२ साली आपल्याकडे तो काळा कायदा गेला, त्याच साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या पहिल्या वर्गीकरणात या दोन प्रकारच्या माणसांना दोन वेगळी नावे दिली होती, हा योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे.

अर्थात, निर्दय आणि निगरगट्ट स्वभाव ही केवळ आधुनिक शहरांची निपज आहे, असेही नाही. जेन मर्फी या संशोधिकेने १९७६ मध्ये अलास्कातील एस्किमो लोकांविषयी लिहिले. त्यांच्या भाषेत 'कुनलंगेता' असा एक शब्द आहे. काय करावे हे ज्याच्या मनाला कळते, पण जो ते करीत नाही, तो कुनलंगेता. तो खोटे बोलतो, फसवितो, चोरतो. शिकारीला जात नाही आणि इतर पुरुष शिकारीवर गेले की त्यांच्या बायकांच्या वाटेस जातो. वडीलधाऱ्यांपुढे त्याला पुनःपुन्हा उभे केले तरी त्याच्यावर परिणाम होत नाही. अशा माणसाचे पूर्वी काय करीत असत, असे विचारता, कोणी पाहत नसताना त्याला बर्फावरून ढकलून दिले असते, असे उत्तर मिळाले. नायजेरियातील योरुबा लोकांतही अशा माणसासाठी वेगळा शब्द आहे. तात्पर्य, असा माणूस सर्वत्र असतो. पण तो किती संख्येने असतो आणि किती माजतो, हे मात्र सर्वत्र सारखे नसते.

पाळण्यातले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती कितपत खरी? ली रॉबिन्स या अमेरिकन विदुषीने १९६६ मध्ये याचे उत्तर दिले. सेंट लुई शहरातील एका बालमार्गदर्शन केंद्रात आलेल्या ५२४ मुलांचा आणि तुलनेसाठी घेतलेल्या १०० सामान्य मुलांचा तिने तीस वर्षांनंतर शोध घेतला. समाजविरोधी व्यक्तिमत्त्वाचा जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणूस लहानपणीही तसाच वागत होता, असे तिला आढळले. म्हण येथवर खरी ठरली. परंतु याच अभ्यासाची दुसरी बाजू अधिक मोलाची आहे. लहानपणी जी मुले अत्यंत वाह्यात होती, त्यांतली अर्ध्याहून अधिक पुढे तशी राहिली नाहीत. म्हणजे पाळण्यात पाय दिसतात हे खरे. पण ते पाय कोणत्या वाटेने जातील, हे पाळण्यात दिसत नाही. टेरी मॉफिट या संशोधिकेने १९९३ मध्ये हाच विचार पुढे नेला. बालपणापासून अखेरपर्यंत बिघडलेली मुले फार थोडी असतात. पौगंडावस्थेत काही काळ भरकटून नंतर संसाराला लागणारी पुष्कळ असतात. दोघांनाही एकच शिक्का मारणे म्हणजे पुष्कळांना थोड्यांच्या वाटेला लावणे होय.

मग जे थोडे उरतात ते रक्तातच तसे असतात काय? अनुवंशाचा भाग आहे, हे आता नाकारता येत नाही. १९८४ मध्ये सार्नोफ मेडनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील चौदा हजारांहून अधिक दत्तक-प्रकरणांची नोंद तपासली. ज्यांच्या जन्मदात्यांना शिक्षा झालेल्या होत्या, त्या मुलांच्या हातून मालमत्तेचे गुन्हे अधिक प्रमाणात घडले होते, मग ती वाढली असोत दुसऱ्याच घरात. मात्र हिंसक गुन्ह्यांच्या बाबतीत असा संबंध आढळला नाही. याहून आशादायक असा दुसरा अभ्यास २०१६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. ५६१ दत्तक कुटुंबांच्या त्या पाहणीत असे दिसले की, जन्मदात्या आईचा स्वभाव समाजविरोधी असेल, तर तिने कधी न वाढविलेल्या मुलातही निष्ठुरतेची चिन्हे अधिक दिसतात. परंतु दत्तक आई जर मुलाच्या चांगल्या वागण्याचे मनापासून कौतुक करणारी असेल, तर हा वारसा पुष्कळसा बोथट होतो. बीज कठीण असले तरी मातीला काही म्हणावयाचे असते, असा याचा अर्थ. शेती ज्यांच्या घरी आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको.

आई, वडील आणि चार फटके

आता दुसरे गृहीत. आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे काम केवळ इसापानेच केले असे नाही. शास्त्रानेही काही काळ तेच केले. लंडनचे जॉन बोल्बी यांनी १९४४ मध्ये चव्वेचाळीस चोरट्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील चौदा मुले मायाशून्य होती आणि त्या चौदांपैकी बारा मुलांची अगदी लहानपणी आईपासून दीर्घ काळ ताटातूट झालेली होती. निष्कर्ष मन हेलावणारा होता आणि त्याने मोठे कार्यही केले. मुलांना इस्पितळांत आणि अनाथगृहांत महिनोन्महिने एकटे ठेवू नये, हे जगाला पटले. परंतु त्यातून नोकरी करणाऱ्या प्रत्येक आईच्या माथी अपराधाचे ओझेही चढले. मायकेल रटर यांनी १९७२ मध्ये या सिद्धान्ताची फेरतपासणी केली. ताटातुटीपेक्षा घरातील कलह अधिक घातक असतो आणि माया देणारे माणूस आईच असले पाहिजे असे नाही, हे त्यांनी दाखवून दिले. सकाळी सातची गाडी धरणाऱ्या कारकून स्त्रीला हे कोणीतरी सांगावयास हवे.

आणि वडील? इंग्लंड आणि वेल्समधील अकराशेहून अधिक जुळ्यांच्या जोड्यांवर आधारलेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. बाप चांगल्या वर्तनाचा असेल तर त्याच्या सहवासाने मुलाचा फायदा होतो. परंतु बाप स्वतःच समाजविरोधी वृत्तीचा असेल, तर तो जितका अधिक काळ घरात राहील, तितके मुलाचे वर्तन बिघडते, असे त्यात आढळून आले. 'कसा का असेना, घरात पुरुषमाणूस हवा' हे आपले आवडते वाक्य. दारूच्या नशेत रोज रात्री बायकोवर हात टाकणाऱ्या नवऱ्याकडे मुलीला परत धाडताना 'मुलांसाठी तरी जा' असे आपण म्हणतो. ज्या मुलांसाठी म्हणून तिला परत पाठवितो, त्यांना आपण कोणत्या शाळेत पाठवीत आहोत, याचा विचार आपण करीत नाही.

तिसरे गृहीत चार फटक्यांचे. अमेरिकेतील ऑरेगनचे जेराल्ड पॅटरसन यांनी घरांमध्ये बसून, आई-बाप आणि मुले यांचे व्यवहार मिनिटामिनिटाला टिपून, १९८२ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. त्यांतील चित्र आपल्या ओळखीचे आहे. मूल हट्ट धरते, आई नाही म्हणते. मूल आरडाओरडा करते, आई रागावते. मूल वस्तू फेकू लागते, आई थकून 'घे बाबा एकदाचे' म्हणते. मूल गप्प होते. आरडाओरडा केला की मिळते, हे मुलाला कळले. दिले की शांतता मिळते, हे आईला कळले. दुसऱ्या दिवशी बाप याच गोष्टीसाठी मुलाला बडवितो. कारण त्या दिवशी त्याचे कचेरीत बिनसलेले असते. मूल यातून नीती शिकत नाही. ज्याचा आवाज मोठा आणि हात जड त्याचे चालते, एवढेच शिकते. लाड आणि मार या परस्परविरुद्ध गोष्टी आहेत, असे आपण समजतो. वास्तविक बिघडणाऱ्या घरांत त्या बहुधा एकत्रच नांदतात. नियम नसणे, हे त्या दोन्हींचे मूळ होय.

'आम्ही काय कमी मार खाल्ला? आमचे काय बिघडले?' हा युक्तिवाद येथे हटकून पुढे येतो. त्याला पूर्णपणे निरर्थक म्हणता येणार नाही. 'श्यामची आई' या पुस्तकातली आईसुद्धा पोहावयास भिऊन लपून बसणाऱ्या श्यामला मारते. पण पुढचे आपण विसरतो. पोहून आलेल्या श्यामच्या अंगावरचे वळ पाहून तिचेच डोळे भरून येतात. मार मायेच्या घरातला होता आणि तो का मिळाला, हे मुलाला कळले होते. भारत, चीन, केनिया, थायलंड, फिलिपाइन्स आणि इटली अशा सहा देशांतील घरांची पाहणी करून २००५ मध्ये संशोधकांनी हेच तपासले. ज्या समाजात मुलांना मारणे ही सर्रास रूढी आहे, तेथे त्याचा अपाय काहीसा कमी दिसतो, असे त्यांना आढळले. काहीसा कमी; नाहीसा मात्र नव्हे. अधिक मार खाणारी मुले त्या समाजांतही अधिक आक्रमकच होती. म्हणजे रूढीने विषाची मात्रा सौम्य होते, विषाचे अमृत होत नाही. स्वीडनने १९७९ मध्ये घरातही मुलांवर हात उगारणे कायद्याने बंद केले. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली. कायदा झाला; शिक्षकांच्या खोलीतील संभाषण मात्र अजून बदललेले नाही.

येथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. तीसेक वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी सहावीचा वर्गशिक्षक होतो. वर्गातील एका मुलाने शेजारच्या मुलाची कंपासपेटी चोरली. इसापाच्या गोष्टीतली पाटी, एवढाच फरक. आम्ही शिक्षकांनी ती गोष्ट पुरेपूर अमलात आणली. प्रार्थनेच्या वेळी सर्व शाळेसमोर त्याला छडीने मारण्यात आले. वडिलांना बोलावले, त्यांनी आमच्या देखत त्याला आणखी मारले आणि 'आईने लाडावून ठेवला' असे ते म्हणाले. महिन्याभरात पुन्हा काही हरवले. ते त्यानेच घेतले होते की नाही, याची चौकशीसुद्धा झाली नाही. त्याच्या हाती शाळेचा दाखला देण्यात आला. दाखल्यावर वर्तणुकीचा रकाना असतो. त्यात 'असमाधानकारक' हा शब्द मी माझ्या हाताने लिहिला. त्या शब्दाने पुढची शाळा त्याच्यासाठी किती दारे उघडी ठेवील, याचा विचार माझ्या मनात त्या वेळी आला नाही. कर्तव्य केल्याचे समाधानच होते.

अब्रूची दोन टोके

आता संस्कृतीकडे वळू. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत आणि तैवानात जवळजवळ सारख्याच प्रश्नावलीने पाहण्या झाल्या. समाजविरोधी व्यक्तिमत्त्वाचे प्रमाण अमेरिकेत शेकडा दोन ते तीन निघाले. तैवानात ते हजारी दोनही भरले नाही. असे आकडे अक्षरशः घेऊ नयेत. घरातली गोष्ट परक्यापुढे न बोलण्याची रीत पूर्वेकडील समाजांत आहेच. तरीही एवढा मोठा फरक केवळ लपविण्याने पडेल, असे वाटत नाही. ज्या समाजात मूल जन्मापासून नात्यांच्या जाळ्यात गुंफलेले असते, आपल्या कृत्याने घराची मान खाली जाईल ही जाणीव ज्याला पदोपदी करून दिली जाते, तेथे निष्ठुर प्रवृत्तीलाही काही लगाम बसत असावा, असे अनुमान अभ्यासकांनी केले आहे.

आपल्या चाळींत आणि वाड्यांत हेच होते. गॅलरीत बसलेली आजी, खालच्या मजल्यावरचे काका, कोपऱ्यावरचा वाणी, या सर्वांचे डोळे मुलावर असत. 'चारचौघांत काय म्हणतील?' हे वाक्य कितीही जाचक असले, तरी त्याने पुष्कळांना वेळीच थांबविले, हे मान्य केले पाहिजे. परंतु अब्रूच्या या दोरीला दुसरेही टोक आहे. अब्रू मुलाला आवरते, तशीच ती मुलाला झाकतेही. मुलाने कोणाची सायकल ढापली, कोणा मुलीची वाट अडविली, तर घरातली पहिली प्रतिक्रिया 'त्या माणसाला काय वाटले असेल?' ही नसते. 'बाहेर कळता कामा नये' ही असते. मुलगा असला तर यात आणखी एक भर पडते. बहिणीला ताट वाढावयास लावणारा, आपल्या चुकीचे खापर तिच्या माथी फुटते हे रोज पाहणारा मुलगा 'पुरुषाच्या जातीला चालायचेच' हा धडा कोणी न शिकविता शिकतो. समाजविरोधी वर्तन पुरुषांत स्त्रियांपेक्षा कितीतरी अधिक आढळते, हे सर्व देशांतील पाहण्यांनी दाखविले आहे. त्यात निसर्गाचा वाटा असेल; पण निसर्गाला खतपाणी घालण्याचे काम आपणच करीत आहोत.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगर येथे सतरा वर्षांचा मुलगा चालवीत असलेल्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. प्रथम त्याला जो जामीन मिळाला, त्यात अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती आणि तिच्यामुळे देशभर संताप उसळला. पुढे मुलाच्या रक्ताचा नमुना बदलण्यासाठी पालकांनीच खटपट केली, असा आरोप पोलिसांनी ठेवला. आरोपाचे खरेखोटे ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे आणि त्या मुलाच्या मनाविषयी आपण काही बोलू नये. परंतु त्या बातम्या वाचताना आपल्यापैकी किती जणांनी स्वतःला विचारले की, माझ्या मुलाच्या हातून असे घडले असते आणि माझ्यापाशी तेवढा पैसा असता, तर मी काय केले असते? परिणामांतून मुलाला सोडविणे हेच प्रेम, अशी आपली समजूत आहे. ज्याला आपल्या कृत्याचा परिणाम कधी भोगावाच लागला नाही, त्याला दुसऱ्याच्या वेदनेची कल्पना यावी कोठून?

देखरेख फुकट मिळत नाही

मात्र सारा भार घरावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या डोंगराळ भागात १९९३ पासून चौदाशे मुलांची मानसिक पाहणी चालू होती. त्यांत चेरोकी या आदिवासी जमातीची मुलेही होती. पाहणी चालू असतानाच जमातीच्या जमिनीवर एक जुगारगृह निघाले आणि त्याच्या नफ्यातला वाटा जमातीच्या प्रत्येकास मिळू लागला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, या पैशाने जी कुटुंबे दारिद्र्यातून वर आली, त्यांच्या मुलांतील दांडगाई, चोरी आणि खोटेपणा इतका घटला की, कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीवर तो आला. आई-बापांना कोणी प्रवचन दिले नव्हते. मग काय बदलले? त्यांना मुलांकडे लक्ष देण्यास सवड मिळू लागली.

आपल्याकडे बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी दरवर्षी लक्षावधी माणसे सहा-सहा महिने घर सोडतात. मुले एकतर फडावर जातात किंवा आजीआजोबांच्या गळ्यात पडतात. ही मुले वाईट निघतात, असे कोणी म्हणणार नाही. त्यांतली बहुसंख्य मुले कष्टाळू आणि समंजस होतात, हा त्यांच्या माणसांचा मोठेपणा आहे. पण देखरेख ही वेळेची गोष्ट आहे आणि वेळ ही पैशाची गोष्ट आहे, एवढे तरी 'संस्कार नाहीत' असे म्हणण्यापूर्वी आपण ध्यानात ठेवावे. त्याचबरोबर, नुसत्या सदिच्छेने मुले सुधारतात, या भ्रमातही राहू नये. अमेरिकेतच १९३९ पासून काही वर्षे शेकडो मुलांना मार्गदर्शक, शिकवण्या, उन्हाळी शिबिरे असे सर्व काही पुरविण्यात आले होते. जोन मॅककॉर्ड यांनी १९७८ मध्ये त्यांचा हिशेब मांडला, तेव्हा मदत मिळालेली मुले न मिळालेल्यांपेक्षा बरी निघाली नव्हती. काही बाबतींत ती अधिक वाईट अवस्थेत होती. सुधारणेचा उपायसुद्धा तपासून घ्यावा लागतो, हा त्यातला धडा.

मग करावयाचे काय? उत्तर साधे आहे, पण सोपे नाही. घरात नियम थोडे असावेत आणि ते रोज सारखेच असावेत. मूल चुकले की शिक्षेपेक्षा भरपाई करावयास लावावी: घेतलेली वस्तू त्याने स्वतः परत नेऊन द्यावी, दुखावलेल्याच्या डोळ्यांना डोळा भिडवून बोलावे. जे मूल शिक्षेला दाद देत नाही, ते कौतुकाला देते, हे शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावे. मुलग्याचे आणि मुलीचे नियम वेगळे असू नयेत. आणि शाळांनी दाखला देऊन मुलाला काढून टाकणे हा शिस्तीचा उपाय मानू नये. कारण काढलेले मूल गावातून जात नाही, ते फक्त आपल्या नजरेआड जाते. जिल्ह्याजिल्ह्यात मुलांच्या मानसोपचाराची सोय हवी, ही मागणी तर शिक्षक संघटनांनी वेतनश्रेणीच्या मागणीइतक्याच जोराने केली पाहिजे.

त्या सहावीतील मुलाचे पुढे काय झाले, हे मला ठाऊक नाही. तो कदाचित सुखाने संसार करीत असेल. रॉबिन्सच्या आकड्यांप्रमाणे तशीच शक्यता अधिक आहे. तो कोठे आहे, याची चौकशी मी त्यानंतर एकदाही केली नाही, एवढे मात्र मला पक्के ठाऊक आहे. इसापाच्या चोराने आईचा कान चावला. कारण त्या गर्दीत त्याच्या जवळ येण्यास तीच एकटी तयार होती. इतर सर्व जण सुरक्षित अंतरावर उभे राहून उपदेश करीत होते. त्या गर्दीत बाप होता, दुकानदार होता आणि दाखल्यावर शेरा लिहून निघालेला वर्गशिक्षकही होता.